अनाहूत पत्राचा भार : नाटपेडपासून ई-मेलपर्यंत

पत्र हे दोघांमधील व्यवहाराचे साधन आहे असे आपण सामान्यतः म्हणतो. परंतु पत्रव्यवहाराचा आरंभ नेहमी एकाच्याच इच्छेने होतो, आणि ज्याच्याकडे पत्र जावयाचे त्याची संमती आधी घेतलेली असणे हा अपवादच होय. ज्याने बोलाविले नाही त्याच्या दारात आपण शब्दरूपाने जाऊन उभे राहतो. हे जाणे केव्हा उचित, केव्हा उपद्रवकारक, आणि उपद्रव झाल्यास त्याचा भार कोणी सोसावयाचा, हा प्रश्न टपालाइतकाच जुना आहे. व्यापारी संस्थांशी संगणकाच्या द्वारे पत्रव्यवहार करताना नकोशी ई-मेल आपल्या हातून जाऊ नये म्हणून जी काळजी घ्यावयास सांगतात, ती ह्याच जुन्या प्रश्नाचे नवे रूप आहे. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा महाराष्ट्राच्या अनुषंगाने घ्यावयाचा आहे.

लेखास निमित्त घडले ते चोरखमारा ह्या गावाचे. गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या मोठ्या तलावाच्या काठी हे गाव आहे. नागझिरा अभयारण्याचे एक प्रवेशद्वार येथे असल्यामुळे परगावच्या लोकांस आज ते तलावापेक्षा त्या द्वारामुळेच अधिक परिचित आहे. नागझिऱ्यास अभयारण्याचा दर्जा १९७० मध्ये मिळाला आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्यानंतर परिसरातील गावांत प्रवाशांची राहण्या-जेवण्याची सोय करणारे छोटे व्यावसायिक वाढले. त्यांचा बराचसा धंदा पत्रोपत्री, म्हणजे आता दूरध्वनीने व ई-मेलने, ठरतो. त्यांच्यापैकी एका गृहस्थाने प्रस्तुत लेखकास जे सुनावले त्याकडे शेवटी येऊ. तत्पूर्वी थोडे मागे जावे लागेल.

जुन्या मराठी पत्राकडे भाषेचा अभ्यासक प्रथम पाहतो तेव्हा त्याला मायन्याचे पाल्हाळ खटकते. प्रेषकाने आपण कोण, समोरचा कोण, त्याची आपली पायरी काय, नमस्कार की आशीर्वाद, येथील कुशल, तेथील कुशल असे सर्व सांगून झाल्यावर ‘विशेष’ हा शब्द येतो, आणि मग कोठे मजकुरास हात घातला जातो. ‘मायना’ आणि ‘मजकूर’ हे दोन्ही शब्द मूळ अरबी. फारसी दफ्तराच्या वाटेने ते मराठीत आले व येथे त्यांनी पत्राचे दोन भाग वाटून घेतले. हेमाडपंताच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मेस्तकासारख्या लेखनात कोणास कोणता मायना लिहावा ह्याचे नियम दिलेले आढळतात. ह्या नियमांस आपण शिष्टाचाराचे अवडंबर समजतो, पण त्यांत व्यवहाराची मोठी सोय होती. पत्र हाती घेणाऱ्या कारकुनास पहिल्या दोन ओळींतच कळे की हे पत्र कोणाचे, कोणत्या नात्याने आलेले, आणि त्यास किती तातडीने धन्यापुढे ठेवावयाचे. ‘विशेष’ हा शब्द तर उंबरठ्यासारखा आहे. त्याच्या अलीकडे ओळख आणि पलीकडे काम, आणि ओळख पटल्यावाचून कामास प्रवेश नाही.

शिवाय त्या काळी पत्र पाठविणे स्वस्त नव्हते. जासूद किंवा कासीद पाठवावयाचा म्हणजे माणसाचे वेतन, वाटखर्च आणि वाटेतील धोका हे सर्व पाठविणाऱ्याच्या माथी. अशा परिस्थितीत निरर्थक पत्र लिहिण्याचा मोह फारसा होत नसे. सावकारी पेढ्यांच्या पत्रव्यवहारात तर आणखी एक दक्षता दिसते. एका पेढीने दुसरीवर हुंडी केली म्हणजे तशी सूचना देणारे पत्र ती स्वतंत्रपणे पाठवी. हुंडी घेऊन येणारा इसम अपरिचित असला तरी आगाऊ आलेल्या पत्राशी ताडून पाहण्याची सोय त्यामुळे राही. मागणी करण्यापूर्वी आपली खूण पटवून देणे हे मागणाऱ्याचे काम, ही समजूत ह्या प्रथेमागे होती. आज ई-मेल खरोखर त्याच संस्थेच्या यंत्रावरून आली की नाही हे पडताळण्यासाठी ज्या युक्त्या योजतात, त्या ह्याहून तत्त्वतः वेगळ्या नाहीत.

कंपनी सरकारच्या टपालाने ही घडी बदलली. १८३७ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात पत्रे वाहून नेण्याचा एकाधिकार सरकारकडे गेला. त्या वेळचा दर अंतर आणि वजन पाहून आकारीत. कलकत्त्याहून मुंबईस जाणाऱ्या पत्रास तोळ्यास १ रुपया पडे. ही रक्कम आगाऊ भरण्याची सक्ती नव्हती, ती पत्र घेणाराही देऊ शके. येथे प्रथमच असे घडले की लिहिण्याची इच्छा एकाची आणि खर्च दुसऱ्याचा. पुढे १८५४ च्या कायद्याने सर्व अंतरास एकच दर, पाव तोळ्यापर्यंत अर्धा आणा, असा ठरला आणि तिकीट आगाऊ लावण्याची पद्धत सर्वत्र सुरू झाली. बिनतिकिटाच्या पत्रास दुप्पट महसूल ठेवला गेला. विदर्भाच्या इतिहासात १८५४ हे वर्ष दुसऱ्याच कारणाने लक्षात राहते. तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर नागपूरचे राज्य त्याच वर्षी खालसा झाले आणि भंडाऱ्याकडील मुलूख, ज्यात आजचा गोंदिया जिल्हा येतो, कंपनीच्या अमलाखाली आला. म्हणजे ह्या भागास इंग्रजी अंमल आणि अर्ध्या आण्याचे टपाल जवळजवळ एकाच वेळी मिळाले.

दुप्पट महसुलाची ही पत्रे मराठीत ‘नाटपेड’ ह्या नावाने रूढ झाली. इंग्रजीतील दोन शब्दांचा शिक्का पाहून पोस्टमनने उच्चारलेला आणि लोकांनी उचललेला हा शब्द आहे. त्यात ‘नॉट’चा नाट झाला. मराठीत ‘नाट लागणे’ म्हणजे अपशकुन होणे, आणि त्या अर्थाची छाया शब्दावर पडली असल्यास नवल नाही. हिंदीत ह्याच पत्राला ‘बैरंग’ म्हणतात. तोही ‘बेअरिंग’ ह्या इंग्रजी शब्दाचा देशी अवतार होय, पण कानाला मात्र रंग उडाल्यासारखा वाटतो. लोकभाषा परका शब्द घेताना त्यास आपल्या अनुभवाचा अर्थ चिकटविते, त्याचे हे चांगले उदाहरण आहे. गंमत अशी की, पुष्कळांचा समज नाटपेड पत्र हमखास पोचते असा होता, कारण पैसे वसूल करावयाचे असल्याने टपालखाते ते हरवणार नाही! पाठविणाऱ्याच्या दृष्टीने हा शहाणपणाच होता. घेणाऱ्याला काय वाटे हे त्या शब्दातच नोंदले गेले आहे.

१८९८ च्या भारतीय डाकघर अधिनियमाने ह्या प्रश्नाचा जो निकाल लावला तो आजही अभ्यासण्यासारखा आहे. त्याच्या अकराव्या कलमानुसार, महसूल येणे असलेले टपाल ज्याने स्वीकारले त्याने तो महसूल भरलाच पाहिजे. मात्र न उघडता ते तत्काळ परत केल्यास त्याच्यावर बंधन नाही, आणि मग भार पाठविणाऱ्यावर जातो. ह्यापुढे एक परंतुक आहे. पत्त्यावरील व्यक्तीस त्रास देण्याच्या दुष्ट हेतूने असे टपाल पाठविले आहे अशी पोस्टमास्तर जनरलची खात्री झाली, तर त्यास महसूल माफ करता येत असे. ह्या परंतुकात तीन गोष्टी आहेत. त्रास हा शब्द एकटा येत नाही, दुष्ट हेतू त्याच्याबरोबर लागतो. निर्णय टपालखात्याचा अधिकारी करतो, फौजदार नव्हे. आणि उपाय म्हणजे शिक्षा नसून केवळ भार उतरविणे आहे. हा अधिनियम सव्वाशे वर्षे टिकला. २०२३ च्या डाकघर अधिनियमाने त्याची जागा घेतली आणि तो नवा कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आला.

व्यापार आणि अनाहूत टपाल ह्यांची गाठ मात्र खऱ्या अर्थाने पडली ती व्ही. पी. मुळे. पत्त्यावरील इसमाकडून मालाची किंमत वसूल करून विक्रेत्यास पोचविण्याची ही पद्धत भारतात १८७७ मध्ये सुरू झाली. पुण्या-मुंबईचे पुस्तकविक्रेते, औषधांचे कारखानदार, पंचांगांचे प्रकाशक ह्यांना खेडोपाडी गिऱ्हाईक मिळवून देण्यात तिचा वाटा फार मोठा आहे. परंतु न मागितलेला माल व्ही. पी. ने पाठवून द्यावा, घरात कर्ता पुरुष नसला तर बायकामंडळी भिडेखातर पैसे मोजतील अशी आशा धरावी, ही वाटही तिने मोकळी केली. म्हणूनच १८९८ च्या अधिनियमात सरकारला असा नियम करण्याचा अधिकार देण्यात आला की, खऱ्या मागणीवरून माल पाठवीत आहोत असे पाठविणाऱ्याने जाहीर केल्याशिवाय व्ही. पी. घेतली जाऊ नये. मागणी खरी होती हे सांगण्याची जबाबदारी पाठविणाऱ्याची. ती नव्हती हे सिद्ध करण्याची घेणाऱ्याची नव्हे.

ह्या बाबतीत आपल्या मराठी नियतकालिकांचे वर्तन सर्वस्वी निर्दोष होते असे म्हणवत नाही. वर्गणी संपल्याची सूचना द्यावयाची, आणि नकार न आल्यास पुढील अंक व्ही. पी. ने रवाना होईल असे कळवावयाचे, ही रीत कित्येक मासिकांनी वर्षानुवर्षे चालविली. तीत मौनास संमती मानले होते. व्ही. पी. परत आली म्हणजे संपादकांनी वाचकांच्या अनास्थेवर अग्रलेख लिहावेत हेही ओघानेच आले. मासिके गरीब होती, हेतू बहुधा चांगला होता, हे मान्य करूनही एक कार्ड लिहून नकार कळविण्याचा खर्च आपण वाचकावर टाकीत आहो, ह्याचा विचार झालेला दिसत नाही. ते कार्डसुद्धा फुकट नव्हते. १८७९ मध्ये निघालेले कार्ड पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे होते.

आता संगणकाकडे वळू. संगणकांच्या जाळ्यातून संदेश पाठविण्याची सोय १९७१ मध्ये अमेरिकेत झाली, आणि अवघ्या चार वर्षांनी, नोव्हेंबर १९७५ मध्ये, जॉन पोस्टेल ह्या शास्त्रज्ञाने नकोशा टपालाच्या समस्येवर एक छोटे टिपण लिहिले. जाळ्याच्या नियमांविषयीच्या टिपणमालेत त्याचा क्रमांक ७०६ आहे. त्याची तक्रार अशी की, एखाद्या यंत्राकडून येणारे संदेश निवडून नाकारण्याची सोय जाळ्याच्या रचनेत नाही. हवा तो संदेश घ्यावयाचा तर आलेले सर्वच संदेश घ्यावे लागतात. अकराव्या कलमाशी हे ताडून पाहावे. नाटपेड पाकीट न उघडता परत करण्याचा जो हक्क १८९८ च्या कायद्याने दिला होता, तोच नव्या टपालाच्या पायात नव्हता. येथे महसूल तिकिटाच्या रूपाने दिसत नाही. तो वेळ, लक्ष आणि यंत्रातील जागा ह्या रूपांनी घेणाऱ्याकडून वसूल होतो. पाठविणाऱ्यास मात्र एक पत्र लिहिले काय आणि हजार लिहिली काय, खर्च जवळजवळ सारखाच.

ह्या सोयीचा पहिला ठळक व्यापारी उपयोग ३ मे १९७८ रोजी झाला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ह्या संगणक बनविणाऱ्या कंपनीतील गॅरी थुर्क ह्यांनी आपल्या नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकांचे निमंत्रण जाळ्यावरील सुमारे ४०० जणांस एकदम पाठविले. ते पत्रही लक्षात राहते ते पत्त्यांमुळे. पत्त्यांची यादी एवढी लांब झाली की तिच्यासाठी असलेली जागा पुरली नाही आणि उरलेले पत्ते मजकुरात सांडले. १९९४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील एका वकील दांपत्याने परदेशी नागरिकांसाठीच्या सोडतीची जाहिरात हजारो चर्चागटांत टाकली, तेव्हा हा प्रकार सार्वत्रिक झाला. भारतात सामान्य माणसास इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून उपलब्ध झाले. म्हणजे अनाहूत पत्रांचा प्रघात पडून गेल्यावर आपण त्या दालनात पाऊल ठेवले.

‘स्पॅम’ हे ह्या पत्रांचे नाव १९३७ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका डबाबंद मांसाचे आहे. १९७० च्या एका ब्रिटिश विनोदी दूरदर्शन कार्यक्रमात उपाहारगृहातील प्रत्येक पदार्थात तेच मांस असते आणि त्या शब्दाच्या घोषात इतर सारे बोलणे बुडून जाते. तेथून तो शब्द प्रथम संगणकावरील खेळांच्या गटांत आणि १९९३ च्या सुमारास अशा संदेशांना लागला. मराठीने तो जसाच्या तसा घेतला. ‘अनाहूत’ हा शब्द त्यास पर्याय म्हणून सुचविला जातो, परंतु येथे सावध राहिले पाहिजे. अनाहूत म्हणजे न बोलाविलेला. नकोसा म्हणजे ज्याचे येणे खपत नाही असा. दुकानाच्या पायरीवर चढणारे पहिलेच गिऱ्हाईक अनाहूत असते, पण नकोसे नसते. ज्या व्यावसायिकाने आपला पत्ता प्रसिद्ध केला त्याने एक मर्यादित निमंत्रण दिलेले आहे. ज्यास त्याच्या मालाची किंवा सेवेची गरज आहे त्यास. त्याच पत्त्यावर आपला माल विकावयास जाणारा त्या निमंत्रणाबाहेर जातो. संगणकशास्त्रज्ञांनीही हा भेद ओळखला होता असे दिसते. मे १९९७ मध्ये डेव्ह क्रॉकर ह्यांनी त्याच टिपणमालेत, क्रमांक २१४२ ने, संस्थांनी कोणत्या कामास कोणत्या नावाचा पत्ता ठेवावा हे नोंदविले. माहितीस एक, विक्रीस एक, गिऱ्हाइकाच्या मदतीस एक, गैरवापराच्या तक्रारीस एक, आणि टपालाच्या अडचणीस ‘पोस्टमास्टर’. तक्रार विक्रीच्या पत्त्यावर आणि चौकशी तक्रारीच्या पत्त्यावर गेली की पत्र योग्य असूनही नकोसे ठरते.

राज्यसंस्थांनी ह्यावर दोन मार्ग चोखाळले. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाने व्यापारी ई-मेलसाठी व्यक्तीची पूर्वसंमती सामान्यतः आवश्यक ठरविली. अमेरिकेने २००३ च्या कायद्याने पत्र पाठविण्यास मुभा दिली, पण विषयाची ओळ फसवी नसावी, पाठविणाऱ्याचा टपालाचा पत्ता असावा आणि नकार आल्यास १० कामकाजी दिवसांत तो पाळावा अशा अटी घातल्या. आपल्या मासिकांची व्ही. पी. ची रीत ह्या दुसऱ्या जातीची होती हे सहज लक्षात येईल.

भारताने तिसराच मार्ग धरला, आणि त्याची किंमत महाराष्ट्रातच मोजली गेली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ह्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६-अ हे कलम घातले गेले व २७ ऑक्टोबर २००९ पासून ते अमलात आले. त्याच्या तिसऱ्या उपखंडात, त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून, अथवा मूळ प्रेषकाविषयी फसगत व्हावी म्हणून ई-मेल पाठविणे हा अपराध ठरविण्यात आला. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. आता १८९८ चे परंतुक पुन्हा पाहावे. तेथेही पत्त्यावरील व्यक्तीचा त्रासच होता. पण तेथे त्याचे परिमार्जन काही आण्यांच्या माफीने होई, येथे तुरुंगाने. तेथे दुष्ट हेतू हा शब्द पहारा देत होता, येथे तो गळाला. आणि त्रास, गैरसोय, अवमान हे शब्द त्याच कलमात ई-मेलखेरीज इतर संदेशांनाही लावण्यात आले, त्यांची व्याख्या मात्र कोठे केली नाही. शब्दार्थाचा अभ्यास करणाऱ्यास ‘त्रास’ हा शब्द किती सैल आहे हे सांगावयास नको. ज्याला होतो तोच त्याचे माप ठरवितो.

नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी, त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर मत लिहिले आणि दुसरीने त्यास पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत ६६-अ होते. हे प्रकरण ई-मेलचे नव्हते आणि व्यापाराचे तर नव्हतेच. पण नकोशा पत्रास आळा घालणारा उपखंड ज्या कलमात होता त्याच कलमाचे हे फळ. ह्या अटकेनंतर श्रेया सिंघल ह्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर व न्यायमूर्ती नरीमन ह्यांनी कलम ६६-अ संपूर्णपणे घटनाबाह्य ठरविले. त्रास आणि गैरसोय ह्या शब्दांची संदिग्धता हे निकालातील एक प्रमुख कारण होते. निकाल योग्यच होता. परंतु त्याबरोबर अनाहूत ई-मेलविषयीची तरतूदही गेली, आणि तिच्या जागी खास ई-मेलपुरती दुसरी आली नाही. दूरध्वनीसाठी २००७ पासून नको असलेल्यांची नोंदवही आहे, तीविषयीचे नियम २०१० व २०१८ मध्ये कडक झाले; २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीचे तत्त्व मान्य केले. ई-मेलचे टपाल मात्र मुख्यतः खाजगी कंपन्यांच्या चाळणीवर सोपविलेले आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू ह्यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्यांस ओळख पटविण्याची आणि एका टिचकीसरशी नकार देता येईल अशी सोय ठेवण्याची सक्ती केली. गूगलकडे दिवसाला ५,००० पत्रे पाठविणाऱ्यास ती लागू होते. पाच-पंचवीस पत्रे लिहिणाऱ्या तुम्हा-आम्हांस ह्या सक्तीचे काही नाही. आपल्या पत्राचा भार समोरच्यावर पडू नये हे पाहणे मेस्तकाच्या काळी लेखकाच्या हातात होते, तसे आजही आहे.

येथे चोरखमाऱ्याकडे परत यावयाचे. काही वर्षांपूर्वी पूर्व विदर्भातील तलावांच्या शब्दसंग्रहाचे काम प्रस्तुत लेखकाने हाती घेतले होते. बोडी, पाळ, पाण्याच्या पाळ्या, ते वाटणाऱ्या माणसांची नावे, असे शब्द टिपावयाचे होते. मुक्कामासाठी आणि जाणत्या माणसांच्या ओळखीसाठी नागझिऱ्याच्या परिसरातील वीसेक व्यावसायिकांचे पत्ते इंटरनेटवरून गोळा केले आणि सर्वांना एकच ई-मेल धाडली. ती इंग्रजीत होती. आरंभी ‘महोदय’ एवढेच. कोणास उद्देशून ते नाही. विषयाच्या ओळीत ‘सहकार्याबाबत’. सोबत विद्यापीठाच्या पत्राचे जड चित्र जोडलेले. सर्वांचे पत्ते सर्वांना दिसतील असे वरच मांडलेले. आठ दिवस उत्तर नाही म्हणून तीच ई-मेल पुन्हा पाठविली. एका ठिकाणच्या अर्जाच्या चौकटीत तर स्वतःचाच पत्ता एका अक्षराने चुकीचा लिहिला. त्या संस्थेची पोचपावती आणि मागाहून तिच्या सवलतींची पत्रे कोणा तिऱ्हाइकास जात राहिली असणार. एकाने उत्तर दिले ते सर्वांना गेले, दुसऱ्याने ‘मला ह्यातून वगळा’ असे लिहिले तेही सर्वांना गेले.

पुढच्या हिवाळ्यात प्रत्यक्ष चोरखमाऱ्याच्या बाजूस गेलो तेव्हा एका निवासाच्या मालकांशी गाठ पडली. ते म्हणाले, “सर, तुमचा मेल आला होता. मी जाहिरात समजून काढून टाकला. रोज असे येतात, कोणी वेबसाइट बनवून देतो म्हणतो, कोणी कर्ज देतो म्हणतो. त्यात राहायला येणारे माणूस एक. त्याला शोधता शोधता माझी सकाळ जाते. तुम्ही मराठीत दोन ओळी लिहून तलावाचं नाव घातलं असतं तर मी लगेच फोन केला असता.” नंतर थोडे थांबून म्हणाले, “माझ्या काकांनी ह्या तलावाचं पाणी वाटलं आहे तीस वर्षं. पोळ्याच्या आधी गेले.”

त्या काकांकडे कोणते शब्द होते हे आता कळावयाचे नाही. संग्रहात चोरखमाऱ्याच्या पानावर नोंदी आहेत, पण त्या तरुण माणसांकडून मिळालेल्या, आणि पाणीवाटपाच्या भागात त्या विरळ आहेत.

मालकांचे म्हणणे व्यवहाराच्या भाषेत मांडावयाचे तर ते आपल्या कचेरीतील पत्राच्या नमुन्यात पूर्वीपासूनच आहे. ‘प्रति’ खाली एक नाव, ‘विषय’ खाली नेमके काम, आणि ‘संदर्भ’ खाली आपणास हा पत्ता कोठून मिळाला ते. ‘संदर्भ’ ही ओळ आपण यांत्रिकपणे भरतो. परंतु पत्र आगंतुक आहे की अपेक्षित, हे तीच सांगते. म्हणूनच फसवी पत्रे पाठविणारे विषयाच्या आधी उत्तरदर्शक ‘रे’ ही खोटी खूण लावून आपण जुन्या संभाषणाचाच धागा पुढे नेत आहो असा आव आणतात. संगणकाच्या पत्रात ‘प्रत’ ह्या नावाची जी ओळ असते ती टंकयंत्राच्या कार्बन कागदाची आठवण आहे. कार्बनाखाली चार-पाच प्रतींपेक्षा अधिक उमटत नसत, ही मर्यादा तेव्हा साधनच घालून देई. आता ती लिहिणाऱ्याने स्वतः घालावयाची. अनेकांना लिहिणे अटळ असेल तर प्रत्येकास वेगळे लिहावे. ते न जमल्यास निदान इतरांचे पत्ते झाकणारी ओळ वापरावी, कारण दुसऱ्याचा पत्ता वाटण्याचा अधिकार आपणास कोणी दिलेला नसतो. चौकशीच्या चौकटीत चौकशीच करावी. जोडपत्र मागितल्यावर पाठवावे. उत्तर न येणे हेही एक उत्तर असू शकते. एकदा आठवण दिल्यावर पुन्हा देऊ नये, आणि निकड असेल तर दूरध्वनी करावा किंवा पैशाच्या कार्डाचे आजचे भावंड वापरावे.

त्यानंतर बोदलकसा तलावाच्या परिसरातील माहितीसाठी दुसऱ्या एका व्यावसायिकास लिहिण्याचा प्रसंग आला. ह्या वेळी पत्र एकट्यास, मराठीत, सात ओळींचे होते. विषय : ‘बोदलकसा तलावाच्या पाणीवाटपाविषयी जाणत्या व्यक्तीची भेट, दोन दिवस मुक्काम’. पत्ता कोठे पाहिला ते लिहिले, अडचण असल्यास उत्तर न दिले तरी चालेल असेही लिहिले. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. खोलीचा दर, येण्याची वाट, आणि खाली एक ओळ : “माझी आजी सांगेल, पण तिला कमी ऐकू येते, सकाळी या.”